फोरमन निवृत्त होण्याआधी : कारखान्यातलं ज्ञान टिकवण्याची रीत

सुरुवात कागदापासून करू नका, फोनपासून करा. शॉपफ्लोअरवर एक वही ठेवा. रजेवर असलेल्या किंवा दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला कामासाठी फोन गेला की त्यात एक ओळ लिहायची : तारीख, कुणी केला, कुणाला केला, कशासाठी. हे पंधरा दिवस चालू द्या. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या तीस-चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये अशा ओळी बहुधा एक-दोन नावांभोवतीच फिरतात. ज्या नावाला सर्वांत जास्त फोन, ती तुमची जोखीम. फोनांचे विषय म्हणजे तुमच्या कामाची यादी.

जाणत्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान तो जाण्याआधी टिकवणं, याला व्यवस्थापनाच्या भाषेत ‘नॉलेज मॅनेजमेंट’ म्हणतात. हे नाव रूढ झालं १९९० च्या दशकात, पण कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. प्रत्येक पिढीने तिच्यात एखादं कामाचं अवजार घातलं आणि एखादी चूकही करून ठेवली. लहान कारखान्याने अवजारं उचलावीत, चुका सोडून द्याव्यात. कोणती गोष्ट कुठून आली हे ठाऊक नसलं की १९९८ मध्ये फसलेला प्रयोग आज नव्या सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजून पुन्हा केला जातो. म्हणून खाली रीत सांगताना तिचं मूळही सांगितलं आहे.

काय लिहायचं, काय सोडायचं

कामगारांच्या डोक्यातलं परंपरेने आलेलं ज्ञान गोळा करावं, त्याची कोष्टकं करावीत आणि त्यावरून नियम बांधावेत, हे फ्रेडरिक टेलर या अमेरिकी इंजिनिअरने १९११ मध्ये मांडलं. कल्पना खरी होती. चूक अशी की लिहिणारा ऑफिसात बसला, करणारा मशिनवर राहिला, आणि करणाऱ्याने विचार करू नये असं ठरलं. मटेरियलचा लॉट बदलला की असा कागद निरुपयोगी होतो, आणि तो सुधारायचा अधिकार ज्याला आहे त्याला ते कळतही नाही.

फोनच्या यादीतल्या प्रत्येक कामाला तीन प्रश्न लावा. हे काम एकालाच येतं का? चुकलं तर माल भंगारात जातो का, किंवा कुणाला इजा होते का? काम क्वचित येतं का? प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्या. बेरीज चार किंवा जास्त असेल तेवढंच लिहायला घ्या. पहिल्या सहा महिन्यांत बारा ते पंधरा कामं पुरेत. शंभर कामांची यादी केली की पहिली दहा नीट होतात आणि उरलेली नव्वद कॉपी-पेस्ट होतात. कॉपी-पेस्ट पान एकदा ऑपरेटरच्या हातात पडलं की तो पुढची चांगली पानंही उघडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला मालक हमखास कमी गुण देतात. रोजचं काम हाताला पाठ असतं, त्याला कागद नसला तरी चालतं. कागद लागतो तो वर्षातून एकदा येणाऱ्या डायला (साच्याला), बंद पडलेल्या जुन्या ग्राहकाच्या अचानक आलेल्या ऑर्डरला. नाशिककराला हे वेगळं समजावायला नको. सिंहस्थ २००३ मध्ये झाला, २०१५ मध्ये झाला, आता २०२७ चा. मधल्या बारा वर्षांत सरकारी बदल्यांमुळे जवळजवळ सगळी माणसं बदललेली असतात. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा प्रसंगातून गर्दीबद्दल जे कळतं ते बारा वर्षांनी दुसऱ्याच माणसांच्या कामी यायचं असेल, तर ‘बॅरिकेड इथे लावा’ एवढं लिहून भागत नाही, ‘इथेच का’ हेही लिहावं लागतं. तुमची वर्षाकाठी येणारी डाय हा तुमचा छोटा सिंहस्थ समजा.

एक काम, एक पान, तीन रकाने

आजवरचं सर्वांत उपयोगी अवजार दुसऱ्या महायुद्धातलं आहे. अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. कसलेले कामगार सैन्यात गेलेले, कारखान्यांत नवखी माणसं आलेली, आणि त्यांना पटकन शिकवायचं होतं. त्यासाठी त्यांनी एका पानाचा तक्ता केला. त्यात कामाच्या मुख्य पायऱ्या आणि प्रत्येक पायरीतली ‘की पॉइंट’ असत. पुढे जपानी कारखान्यांनी, विशेषतः टोयोटाने, ही पद्धत जिवंत ठेवली आणि ‘कारण’ हा तिसरा रकाना रूढ झाला. आपल्याकडे दुसऱ्या रकान्याला सरळ ‘मेख’ म्हणा. ग्यानबाची मेख कुठे असते हे शॉपफ्लोअरवर सगळ्यांना कळतं.

मेख कशाला म्हणायचं? जी चुकली तर जॉब (मशिनवरचा नग) बिघडतो, जी चुकली तर माणसाला लागतं, किंवा जी जमली तर काम सोपं होतं. या तिन्हींपैकी काहीच नसेल तर ती ओळ पानावर नको. पायऱ्या पाच ते सात ठेवा. जास्त झाल्या तर ती दोन कामं आहेत असं धरून दोन पानं करा.

पातळ भिंतीच्या बुशचा (पोकळ नळकांड्याचा) बोअर (आतलं भोक) सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) फिनिश करण्याचं पान साधारण असं दिसेल (आकडे नमुन्यादाखल, तुमच्या मशिनचे तुम्ही घाला) :

पायरी १, सॉफ्ट जॉ (चकचे जॉब धरणारे मऊ जबडे) बोअर करणं. मेख : मागे रिंग पकडून, जॉबला लावणार तेवढ्याच दाबाखाली बोअर करायचे. कारण : मोकळे बोअर केले तर दाब येताच जॉ किंचित कलतात आणि जॉब पूर्ण लांबीवर धरला जात नाही.

पायरी २, जॉब बसवणं. मेख : जॉच्या कोपऱ्यातली चीप आधी ब्रशने काढायची, मग हवा मारायची. कारण : एक बारीक चीप खाली राहिली तरी फेस आणि बोअर काटकोनात येत नाहीत.

पायरी ३, रफिंगनंतर दाब उतरवणं. मेख : रफिंग १५ बारवर, फिनिशिंग ८ बारवर, मध्ये जॉब सैल करून पुन्हा पकडायचा. कारण : पातळ भिंत तीन जॉखाली आत दबते. दबलेल्या स्थितीत बोअर गोल होतो, सोडल्यावर भिंत परत येते आणि बोअर जॉच्या तीन जागी मोठा होतो.

पायरी ४, मोजणं. मेख : चकमधून काढून, थंड झाल्यावर, तीन-टोकी बोअर मायक्रोमीटरने. कारण : तिकोनी झालेल्या बोअरमध्ये दोन-टोकी गेज सगळीकडे जवळपास एकच माप दाखवतो आणि खराब जॉब पास होतो. शिवाय ५० मिमी व्यासाचा पोलादी जॉब २० अंशांनी गरम असेल तर ११-१२ मायक्रॉन मोठा भरतो.

चौथ्या पायरीतलं कारण पाहा. ते लिहिलेलं नसेल तर तीन-टोकी मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला गेल्यावर कुणीतरी ‘माप मापच असतं’ म्हणून दोन-टोकी गेज वापरेल आणि आख्खा लॉट ग्राहकाकडून परत येईल. फोरमनच्या डायरीतही बहुतेक ‘८ बार’ एवढंच असतं. का, हे तो गेला की जातं.

मोठ्या संस्थाही यात सापडल्या आहेत. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाची ड्रॉइंग्ज शाबूत होती, पण वेल्डर आणि फिटर मंडळींनी प्रत्येक इंजिनात जागच्या जागी केलेल्या करामती कागदावर आल्याच नव्हत्या. २०१३ च्या सुमारास नासाच्या तरुण इंजिनिअरांना जुनं इंजिन खोलून, स्कॅन करून ती समजून घ्यावी लागली.

लिहून कसं घ्यायचं

‘हे कसं करता?’ असं विचारू नका. ‘अनुभवाने’ हे उत्तर मिळेल, आणि ते खोटंही नसेल. तीन जॉब बघा. पहिल्याला फक्त पाहायचं, तोंड बंद. दुसऱ्याला फोरमनने करता करता बोलायचं आणि शिकणाऱ्याने टिपायचं. हात थांबला की एवढंच विचारायचं : ‘आता का थांबलात?’ तिसरा जॉब शिकणाऱ्याने कागद वाचत करायचा आणि फोरमनने बघायचं. ज्या क्षणी तो ‘अरे थांब थांब’ म्हणेल, तिथे सुटलेली मेख आहे. बहुतेक मेखा या तिसऱ्या फेरीतच सापडतात, आणि बहुतेक कारखाने दुसऱ्या फेरीनंतर लॅमिनेशनला पळतात.

पान शिकणाऱ्याच्या शब्दांत असू द्या. इंजिनिअरने त्याचं शुद्ध इंग्रजी करू नये. ‘व्यवस्थित’, ‘नीट’, ‘हलक्या हाताने’, ‘गरजेनुसार’ हे चार शब्द पानावर बंद. त्यांच्या जागी आकडा, फोटो किंवा नमुना हवा. बर्र (कापल्यावर कडेला राहणारी धातूची बारीक धार) किती चालते हे लिहून कळत नाही. मशिनजवळ तारेला एक चालणारा आणि एक न चालणारा जॉब अडकवा, न चालणाऱ्याला लाल रंग फासा.

मग परीक्षा. हे काम कधीच न केलेल्या ऑपरेटरने पानावरून पाच जॉब काढायचे. फोरमनचे हात पाठीमागे. ऑपरेटर जिथे अडखळला तिथे दोष पानाचा. युद्धकाळातल्या त्या कार्यक्रमाचं वाक्यच होतं की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

सकाळची पहिली शिफ्ट सोडू नका. नाशिकला डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी चाळिशीला टेकतो. थंड मशिनवरचा पहिला जॉब आणि तापलेल्या मशिनवरचा पन्नासावा यांचा ऑफसेट (मशिनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) सारखा नसतो. फोरमन हे हिशेबात धरतो, पण सांगत नाही. वॉर्मअप किती मिनिटं आणि पहिल्या किती जॉबनंतर ऑफसेट पुन्हा तपासायचा, हे पानावर हवंच.

जे लिहून उतरत नाही

आपल्याला सांगता येतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, हे मायकेल पोलानी या विचारवंताने १९६६ मध्ये मांडलं. चॅटर (कापताना होणारी थरथर) सुरू होण्याआधीचा आवाज, ग्राइंडिंगच्या ठिणगीचा रंग, डाय बसल्याचा ठोका. इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकाने १९९१ च्या लेखात त्याचं गाजलेलं उदाहरण दिलं. मात्सुशिता कंपनीच्या घरगुती ब्रेड मशिनमध्ये कणीक नीट मळली जात नव्हती. शेवटी इकुको तानाका ही सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला राहिली. बेकर कणीक ताणताना तिला पीळ देतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि मग मशिनच्या आत खास उंचवटे बसवले गेले. बेकरला विचारून हे कळलं नसतं, कारण आपण पीळ देतो हे त्यालाच जाणवत नव्हतं.

यावर उपाय जोडीचा. निवृत्तीला सहा महिने असताना जोडी लावा. पहिले दोन महिने काम फोरमनचं, शिकणारा शेजारी. पुढचे दोन काम शिकणाऱ्याचं, फोरमन शेजारी. शेवटचे दोन महिने फोरमन दुसऱ्या शिफ्टला, फक्त फोनवर. आवाजाच्या कामांसाठी साठ ते नव्वद सेकंदांचे व्हिडिओ घ्या, पण चांगला आणि बिघडलेला असे दोन्ही आवाज त्यात हवेत, एकामागोमाग एक.

जोडी फसते ती दोन कारणांनी. एक, दोघांवर प्रॉडक्शनचं टार्गेट पूर्वीचंच राहतं. मग फोरमन स्वतःच जॉब उरकतो आणि शिकणारा ट्रॉली ढकलतो. पहिले दोन महिने त्या मशिनचं टार्गेट उघडपणे कमी करा. दुसरं कारण जास्त खोल आहे आणि त्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही : सगळं सांगून टाकलं की आपली किंमत संपली, असं फोरमनला वाटतं. त्याचं वाटणं चुकीचं नाही. म्हणून जोडी लावायच्या आधीच, तोंडी नव्हे तर कागदावर, निवृत्तीनंतर आठवड्याला एक-दोन दिवस मानधनावर येण्याचं ठरवून टाका. पानावर त्याचं नाव छापा. हे न करता ‘कंपनीच्या हितासाठी’ असं भाषण दिलं तर आकडे मिळतील, मेखा मिळणार नाहीत.

साठवणीचा हव्यास

१९९० च्या दशकात संगणक स्वस्त झाले आणि नॉलेज मॅनेजमेंटला बरकत आली. स्वीडनच्या स्कँडिया विमा कंपनीने १९९१ मध्ये ‘बौद्धिक भांडवला’साठी स्वतंत्र संचालक नेमला. सल्लागार कंपन्यांनी मोठमोठे डेटाबेस उभारले. सगळं आत भरायचं, लागेल तेव्हा शोधायचं, असा हिशेब होता. भरणं झालं, शोधणं झालं नाही. इन्फोसिसने ज्ञान देणाऱ्यांना गुण देण्याची योजना केली तेव्हा लेखांचा ओघ इतका वाढला की दर्जा तपासणंच अवघड झालं, आणि योजना बदलावी लागली. प्रत्येक सूचनेमागे पन्नास रुपये ठेवले की तुमच्याकडेही पन्नास-पन्नास रुपयांच्या सूचना येतील.

याच काळात झेरॉक्सने उलटा मार्ग धरला. कॉपियर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ मॅन्युअलपेक्षा चहा-कॉफीच्या वेळच्या गप्पांतून जास्त शिकतात, असं ज्युलियन ऑर या मानववंश-अभ्यासकाने पाहिलं होतं. त्यातून ‘युरेका’ ही व्यवस्था आली : तंत्रज्ञाने टीप लिहायची, दुसऱ्या जाणत्या तंत्रज्ञांनी पारखायची, पटली तर सर्वांना, लिहिणाऱ्याच्या नावासह. पैशाचं बक्षीस तंत्रज्ञांनाच नको होतं, टीपेवर नाव मात्र हवं होतं.

वर्कशॉपसाठी याची साधी नक्कल म्हणजे एक रजिस्टर. प्रत्येक टीप चार ओळींची : लक्षण काय दिसलं, कारण काय निघालं, काय केलं, कुणी केलं. शनिवारी दोन सेटर (मशिन लावून देणारे कारागीर) बसून पंधरा मिनिटांत आठवड्याच्या टिपा पारखतील. जी दोघांनाही पटली ती राहील, बाकीच्यांवर काट. व्हॉट्सॲप ग्रुपला दप्तर समजू नका. तो दवंडीला ठीक, पण तीन महिन्यांपूर्वीचा फोटो त्यात शोधताना शिफ्ट संपते. ग्रुपवरचं उपयोगी ते शनिवारी रजिस्टरात उतरवा.

शोधायला एकच किल्ली ठेवा. दिंडोरी-निफाडचे द्राक्ष बागायतदार एकमेकांना आधी विचारतात, ‘बाग किती दिवसांची?’ छाटणीपासूनचा दिवस कळला की फवारणी, डिपिंग, विरळणी यांबद्दलचा सल्ला दुसऱ्याच्या बागेतूनही उचलता येतो. कारखान्यात तशी किल्ली म्हणजे पार्ट नंबर आणि ऑपरेशन नंबर. पान, व्हिडिओ, टीप, बिघडलेला नमुना, सगळ्यांवर तेच दोन नंबर. ‘नवीन फायनल २’ नावाची फाइल दिसली की तिथेच डिलीट. छापील पान मशिनपासून दोन पावलांवर हवं. ऑफिसच्या कपाटातलं पान फक्त ऑडिटर वाचतो.

किती लिहायचं आणि किती माणसांवर सोपवायचं, याचं मोजमाप हॅन्सन, नोहरिया आणि टियर्नी या व्यवस्थापनातल्या जाणकारांच्या १९९९ च्या लेखात आहे : दोन्हींना निम्मं-निम्मं देऊ नका, एकाला साधारण ऐंशी टक्के, दुसऱ्याला वीस. तेच ते पार्ट वर्षानुवर्षं पुरवत असाल तर लिहिण्यावर भर द्या. टूलरूम असेल आणि रोज नवं काम येत असेल तर पानांमागे लागू नका. कोणता माणूस कशात पारंगत आहे याचा तक्ता भिंतीवर लावा, आणि अवघड जॉब संपला की चार प्रश्नांची बैठक घ्या : काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. ही रीत अमेरिकी सैन्याची. त्यात एक अट आहे, बैठकीत दोष देणं बंद. ती पाळता येणार नसेल तर बैठक घेऊच नका.

ऑडिट आणि एआय

आयएसओ ९००१ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम आलं : कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, टिकवा, लागेल तिथे उपलब्ध ठेवा. २०१८ मध्ये आयएसओ ३०४०१ हे ज्ञान-व्यवस्थापनाचं स्वतंत्र मानकही आलं, पण लहान कारखान्याला त्याच्या वाटेला जायचं कारण नाही. ७.१.६ जाडजूड मॅन्युअल मागत नाही. फोनची वही, गुणांची यादी, बारा पानं आणि टिपांचं रजिस्टर समोर ठेवलं तर बोलायला भरपूर असतं. ऑडिटसाठी मात्र वेगळी फाइल बनवू नका. दोन फाइली झाल्या की खरी कोणती, हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही.

एआयचा चांगला उपयोग एकच आहे : फोरमनचं मराठी बोलणं रेकॉर्ड करून मजकुरात उतरवणं. त्याने अर्ध्या दिवसाचं टायपिंग वाचतं. पण ‘कारण’ हा रकाना त्याला भरायला देऊ नका. तो पटेल असं काहीही लिहितो, आणि पटणारं चुकीचं कारण मोकळ्या रकान्यापेक्षा वाईट. प्रत्येक आकडा मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. ग्राहकाचं ड्रॉइंग कुठल्याही फुकट चॅटवर चढवू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते.

देखभाल

प्रत्येक पानाच्या खाली एक मालक आणि एक तारीख. मालक म्हणजे ते काम आज करणारा सेटर, मॅनेजर नव्हे. सहा महिन्यांनी तारीख उलटली की पान पुन्हा वाचायचं. चुकीचं निघालं तर पेनने तिथेच दुरुस्त करून सही. छापील प्रत महिन्याअखेर बदलेल, तोवर पेनची दुरुस्ती खरी. इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्याचा) मेक, कूलंट किंवा मटेरियलचा पुरवठादार बदलला तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी पान बघायचं. आणि वर्षभर कुणी उघडलं नाही ते पान काढून टाका.

फोरमन निवृत्त झाल्यानंतरच्या पंधरा दिवसांत फोनची वही पुन्हा सुरू करा. पहिल्या वेळी त्याच्या नावावर बावीस ओळी होत्या आणि आता नऊ असतील, तर त्या नऊ विषयांना पुन्हा गुण लावा. त्याला पुढच्या आठवड्यात बोलवाल तेव्हा कोणत्या मशिनवर उभं करायचं, ते त्यावरून ठरेल.